बोटाएवढी तारली

नाशिकमधल्या भद्रकालीच्या मासळी बाजारात रविवारी सकाळी जी गर्दी असते, ती सगळी पापलेट, सुरमई आणि कोळंबीभोवती. तारलीच्या, म्हणजे सार्डिनच्या, पाटीपुढे फारसं कुणी थांबत नाही. मी थांबते. मध्यंतरी एका रविवारी अशीच थांबले आणि हात काही पुढे जाईना. बर्फाच्या चुऱ्यावर ओतलेला तो एकेक मासा माझ्या बोटाएवढा होता. कल्ल्यामागे तारलीला एक फिकट सोनेरी ठिपका असतो, तो शोधावा लागत होता. पाठीचा निळा-हिरवा रंग अजून पुरता चढलेला नव्हता. डोळे तेवढे मोठे, कारण पिल्लांचे डोळे डोक्याच्या मानानं नेहमीच मोठे दिसतात. मावशींना म्हटलं, एवढी बारीक कशी हो? त्या सुरी पुसत म्हणाल्या, "येतंय तसं आणतो ताई. घ्यायची तर सगळी घ्या, स्वस्तात लावते. नाहीतर दुपारी पोल्ट्रीवाला येतो, त्याला घालीन." त्यांच्या आवाजात ना खंत होती ना घाई. रोजचीच गोष्ट असावी तसं त्या बोलल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाची सुरमई कापायला वळल्या. मी थोडे बांगडे घेऊन निघाले, पण "त्याला घालीन" हे शब्द घरापर्यंत सोबत आले आणि नंतरही गेले नाहीत.

तारलीशी माझं नातं वडिलांकडून आलेलं. बाबा मालवणकडचे. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरी लागली म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. बोलणं बदललं, भाकरी बाजरीची झाली, गोदावरीला गंगा म्हणायला लागले, पण मासळीच्या बाबतीत त्यांनी नाशिकला कधी मनापासून मान्यता दिली नाही. रात्री मुंबईहून कसारा घाट चढून बर्फात आलेला मासा हा त्यांच्या लेखी मासा नव्हताच. त्यातल्या त्यात तारली त्यांना चालायची, कारण तिला तेल असतं आणि तेल असलेला मासा सहजासहजी कोरडा पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. आई तिचं तिखलं करायची. तिरफळं ठेचून, आगळ घालून, मातीच्या भांड्यात, अंगाबरोबर रस ठेवून. दुसऱ्या दिवशी त्यावर लालसर तेलाचा पातळ थर यायचा आणि बाबा भाकरीनं आधी तो टिपायचे. क्वार्टर्समध्ये आमच्या दोन्ही बाजूला शाकाहारी घरं होती. तारली आणली की आई मागची खिडकी लावून घ्यायची आणि उदबत्ती लावायची. उदबत्तीनं तारलीचा वास जात नाही, दोन्ही वास एकत्र नांदतात. मला तो मिश्र वास आजही कुठे आला की रविवार दुपार आठवते आणि थोडं अवघडल्यासारखंही होतं. आपण जे इतक्या आवडीनं खातो ते कुणाला तरी त्रासाचं आहे, ही जाणीव मला फार लहानपणी झाली ती त्या खिडकीपाशी.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आत्याकडे जायचो. तिथे मी रापण पाहिली. होडी पाण्यात अर्धवर्तुळ काढत जाळं सोडत जायची, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि मग दोन रांगांनी माणसं मागे रेलून ओढायला लागायची. टाचा वाळूत रुतायच्या. त्यात बायका असायच्या, म्हातारे असायचे, सुट्टी लागलेली पोरं असायची. आम्हा नाशिकच्या पोरांनाही कुणी दोराला लावून घ्यायचं. तळहात सोलवटून निघायचे. जाळं जवळ आलं की पाणी आधी नुसतं थरथरल्यासारखं दिसायचं, मग एकदम उकळी फुटायची. घारी आणि पाणपक्षी डोक्यावर घिरट्या घालायला लागलेले असायचेच. तारली असली की वाळूवर चांदी ओतल्यासारखा ढीग पडायचा आणि तो ढीग आवाज करायचा. शेपट्यांचा तो आवाज मला कशाशीच जोडता येत नाही. मग वाटे पडायचे. जाळ्याचे वाटे, माणसांचे वाटे, आणि दोराला नुसता हात लावलेल्याच्या ओंजळीतही काहीतरी पडायचंच. आत्या तारली चुलीतल्या निखाऱ्यांवर तशीच टाकायची, तेल न लावता. तिच्याच तेलानं ती भाजायची, कातडीला फोड यायचे, निखारा भस्सकन पेटायचा. दिवाळीच्या दिवसांतली तारली सर्वांत लठ्ठ असते हे मला खूप नंतर वाचून कळलं. जून ते ऑगस्टच्या सुमाराला तिची अंडी घालून होतात, पावसाळ्यानंतर समुद्रात खाणं भरपूर असतं, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर तिच्या अंगात तेल साठतं. जिभेला ते आधीच माहीत होतं.

तेव्हाही सगळी तारली खाल्ली जात नसे, हे मी विसरलेले नाही. जास्त आली की माडाच्या आळ्यात जायची. आत्याच्या परसातले माड त्यावर पोसलेले होते आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पलीकडे मलबारात तर गेलं शतक उजाडायच्या आधीपासून तारलीचं तेल काढण्याचा धंदा चालत आलाय, आणि तेल काढल्यावर उरलेला चोथा मळ्यांना खत म्हणून जायचा. म्हणजे या माशाकडे कच्चा माल म्हणून बघणं ही काही आजची गोष्ट नाही. मग मला भद्रकालीत का टोचलं?

त्याचं उत्तर मला सासरी मिळालं.

माझं सासर पिंपळगाव बसवंतकडचं, द्राक्षवाल्यांचं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागेत मिलीबग या पांढऱ्या किडीविरुद्धची कामं सुरू असतात. खोडाची सुटलेली साल काढायची, खोड आणि ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्या, धुऊन घ्यायचे. त्या रविवारनंतर काही दिवसांनी मी तिकडे गेले तेव्हा माझे दीर शेडमध्ये एका ड्रमचं झाकण उघडत होते. दाट, तपकिरी, काकवीसारखं काहीतरी. "वहिनी, लांब उभ्या राहा, या वासानं जेवण जायचं नाही तुम्हाला," ते म्हणाले. पण मी जवळ गेले, कारण वास ओळखीचा होता. आईच्या मागच्या खिडकीतला, उदबत्ती वजा केलेला. ड्रमवर लिहिलं होतं फिश ऑइल रोझिन सोप. द्राक्षाच्या बागेत हा वर्षानुवर्षं वापरला जातो. किडीच्या अंगावरचा मेणचट पांढरा थर त्यानं मोडतो. मी त्याचं नाव इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यातला 'फिश' कधी कानात शिरलाच नव्हता. आपल्याकडचं माशाचं तेल म्हणजे मुख्यतः तारलीचं तेल. समुद्रापासून इतक्या लांब, घाटाच्या वर, काळ्या मातीत, मांडवावर चढलेल्या वेलींच्या खोडांना माझे दीर तारली चोळत होते.

त्यानंतर मी बघत गेले तसतशी ती मला सगळीकडे दिसायला लागली. कृषी सेवा केंद्रांच्या फळीवर फिश अमिनोच्या, म्हणजे माशापासून केलेल्या पातळ खताच्या, बाटल्या. मेडिकलच्या काउंटरवर ओमेगाच्या पिवळ्या गोळ्या. कोंबड्यांच्या खाद्यात पूर्वी मासळीची भुकटी सर्रास असायची. आता तिथे सोयाबीनची पेंड आली आणि भुकटी जास्त करून कोळंबीच्या तळ्यांकडे आणि परदेशात जाते. ती कोळंबी पुन्हा आपल्याच ताटात. एक किलो भुकटी करायला चार ते पाच किलो ओली मासळी लागते. या हिशेबात चव नाही, आकार नाही, अंडी भरलेली की रिकामी हे नाही. कारखान्याला वजन हवं. ताटात बोटाएवढी तारली कुणी घेत नाही, काटेच काटे निघतात. कारखान्याला मात्र ती मोठीइतकीच चालते. पिल्लाला किंमत मिळाली ती इथे, आणि ज्या गोष्टीला किंमत मिळते ती समुद्रातून येतच राहते. आत्याच्या माडांना गेलेली तारली ही उरलेली तारली होती. आज जाळं टाकतानाच काहींच्या डोळ्यांसमोर कारखान्याचा वजनकाटा असतो. मला टोचलं ते हे होतं.

थव्यानं राहणाऱ्या माशाची एक गोष्ट मला फार भीतीदायक वाटते. रानातली ससे-हरणं कमी झाली तर ती विरळ होतात, दिवसभर फिरून एखादं दिसतं. तारली विरळ होत नाही. संख्या अर्धी झाली, पाव झाली, तरी उरलेली तारली एकत्रच राहते, तेवढीच दाट. थव्यात राहणं हे तिचं संरक्षण. सुरमई, कुपा, डॉल्फिन यांच्यापुढे एकटी तारली टिकणार नाही. पण माणसाच्या जाळ्यापुढे तेच उलटतं. थवा सापडला की जाळं पूर्वीसारखंच भरून निघतं, आणि बोटीवरच्या माणसाला प्रामाणिकपणे वाटतं की मासळी भरपूर आहे. आता तर थवा शोधायला यंत्र आहे. पर्ससीनचं जाळं थव्याभोवती फिरवायचं, खालच्या कड्यांतून ओवलेला दोर खेचायचा, की तळ बंद. आत आलेल्यातली एकही खालून निसटत नाही. शेवटच्या काही थव्यांपर्यंत हे असंच चालू राहतं. मग एका वर्षी जाळं रिकामं येतं आणि सगळे म्हणतात, अचानक काय झालं?

केरळमध्ये हे आपल्या डोळ्यांदेखत घडलं. तिथे तारली ही गरिबाची रोजची कालवणाची मासळी. २०१२ मध्ये एकट्या केरळच्या किनाऱ्यावर ३.९ लाख टन तारली उतरली. २०२१ मध्ये ३,२९७ टन. हे आकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे, आणि ते पहिल्यांदा वाचले तेव्हा छापताना दोन शून्यं गळली असावीत असं मला वाटलं होतं. सगळा दोष जाळ्याचा नाही, हेही तितकंच खरं. तारलीचं पोट पावसावर आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत किनाऱ्यालगत खोलातलं थंड, कसदार पाणी वर येतं, त्यावर सूक्ष्म शैवाल माजतं आणि ते खाऊन तारली वाढते. ते चक्र बिघडलं, एल निनोचं वर्ष आलं, की तारली कमी होते किंवा दुसरीकडे जाते. १९४० च्या दशकातही ती अशीच दिसेनाशी झाली होती, पर्ससीन आणि इंजिनाच्या बोटी येण्याच्या कितीतरी आधी. तेव्हाच्या मद्रास सरकारनं १९४३ मध्ये पिल्लं आणि अंड्यावरची तारली पकडण्यावर निर्बंधही घातले, पण ते फार टिकले नाहीत. म्हणून कुणी फक्त मच्छीमारांना दोष देतं तेव्हा मला राग येतो, आणि कुणी फक्त हवामानाकडे बोट दाखवतं तेव्हाही. समुद्र हात आखडता घेतो त्या वर्षी आपणही आखडता घ्यायला हवा, एवढंच माणसाच्या हातात आहे. तारली फार तर अडीच-तीन वर्षं जगते, पहिल्याच वर्षी अंड्यावर येते आणि हजारोंनी अंडी घालते. मोकळीक मिळाली आणि पाऊसपाणी जमलं की ती परत येते. २०२३ मध्ये केरळची तारली पुन्हा १.३८ लाख टनांवर गेली. तिथे दहा सेंटीमीटरपेक्षा लहान तारली पकडायला कायद्यानं मनाई आहे आणि पिल्लं सापडली तर बोटी जप्त होतात, दंड होतो. पुनरागमनाचं सगळं श्रेय त्या नियमाला देता येणार नाही. पण दंड भरणाऱ्याला नियम कळतो, हेही खरं.

कांद्याच्या पट्ट्यात राहिल्यामुळे मला हे बियाण्यासारखं दिसतं. लासलगावात भाव कितीही कडाडला तरी बियाण्यासाठी निवडून ठेवलेला कांदा शेतकरी काढून विकत नाही. त्याला कुणी कायदा सांगावा लागत नाही, कारण पुढच्या वर्षीचं रान त्याचंच असतं. समुद्रातलं रान कुणाचंच नसतं.

या बाबतीत मला पेरूचा हेवा वाटतो. मासळीच्या भुकटीचा जगातला सर्वांत मोठा धंदा त्यांचा, आणि त्यांनीच सर्वांत मोठी आपटी खाल्ली. तिथली अँचोवी, म्हणजे तारलीच्याच चुलत घराण्यातली, १९७० मध्ये सव्वा कोटी टनांच्या आसपास पकडली गेली. १९७२ ला एल निनो आला, आणि १९७३ मध्ये वीस लाख टनही मिळाली नाही. जगभरच्या कोंबड्यांचं खाद्य आटलं, सोयाबीनचे भाव भडकले. आज निफाड-येवल्याकडे सोयाबीनच्या भावाची चर्चा होते तेव्हा मला ही गोष्ट सांगावीशी वाटते, पण ट्रॅक्टर लावून लिलावाची वाट बघणाऱ्या माणसाला पेरूच्या समुद्राचं काय सांगायचं, म्हणून गप्प बसते. आता तिथे दर हंगामाआधी ध्वनियंत्रं लावून मासळी मोजतात, मगच किती पकडायची ते ठरतं, प्रत्येक बोटीला तिचा वाटा ठरवून दिलेला असतो, आणि बारा सेंटीमीटरच्या आतली पिल्लं जास्त सापडली की तो भाग बंद. २०२३ मध्ये पिल्लांचं प्रमाण इतकं निघालं की त्यांनी वर्षाचा पहिला हंगामच रद्द केला. त्या निर्णयानं किती घरांची चूल अडली असेल, याचाही विचार येतो. तरी त्यांनी केला.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यातली बंदी आहे आणि ती तारलीच्या अंडी घालण्याच्या दिवसांवरच येते, ही फार मोलाची गोष्ट. २०१६ मध्ये राज्यानं पर्ससीनवर मर्यादा घातल्या, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर बंदी आहे. २०२३ मध्ये चोपन्न जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिले. कागदावर हे सगळं चांगलं आहे, मनापासून चांगलं आहे. आत्याचा मुलगा अजून मासेमारीत आहे, त्याला फोन केला तेव्हा मी मोठ्या उत्साहानं हे बोलले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "ताई, आम्ही बारीक सोडला तर मागची बोट उचलतली. मगे आमच्या सोडण्याचो उपयोग काय?" मी म्हटलं, गस्तीची बोट असते ना? त्यावर तो डिझेलचे भाव सांगायला लागला, बोटीवरच्या खलाशांचे पगार, बर्फ, कर्जाचा हप्ता. त्यात बंदीच्या दिवसांत चूल कशी चालते तेही. तो चिडला नव्हता. त्याच्या वडिलांनी रापणीचे वाटे घालताना मी पाहिलेलं आहे, त्या माणसाच्या घरात हावरेपणा नाही. पण रापणीत सगळं गाव एका दोराला असायचं. आता प्रत्येक बोट आपापल्या हप्त्याला बांधलेली आहे, आणि त्याला एकट्याला "सोडून दे" म्हणणं मला नाशिकच्या पंख्याखाली बसून फार सोपं आहे.

म्हणून माझा विचार पुन्हा पुन्हा दिरांच्या शेडकडे येतो. तिथे त्या ड्रमशेजारीच भिंतीला एक वही लटकवलेली असते. कुठल्या प्लॉटवर कुठलं औषध, किती मात्रेनं, कुठल्या तारखेला, काढणीच्या किती दिवस आधी. २०१० मध्ये युरोपनं आपली द्राक्षं एका संजीवकाच्या, म्हणजे वेलीच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या औषधाच्या, अंशावरून नाकारली होती, तेव्हा या घरानंही ते दिवस काढले. रात्र रात्र झोप नव्हती. त्याच्या आधीच ग्रेपनेट आलं होतं, निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंद ठेवणारं, पण त्या फटक्यानंतर वही भिंतीवरून कधी उतरली नाही. आज युरोपातल्या दुकानात घड उचलणाऱ्या बाईला हवं असेल तर तो घड पिंपळगावच्या कुठल्या रानातला आहे इथपर्यंत मागे येता येतं. हे कुणा शेतकऱ्याच्या अंगी अचानक शहाणपण आलं म्हणून झालेलं नाही. घेणाऱ्यानं अट घातली, सगळ्यांना एकदमच घातली, आणि काही वर्षांत सगळ्या तालुक्याची शेती बदलली. मागचा पाळणार नाही म्हणून मी का पाळू, हा प्रश्नच उरला नाही, कारण न पाळणाऱ्याचा माल पडून राहायला लागला.

आणि त्याच शेडमधल्या ड्रमवर मात्र तेल कुठल्या किनाऱ्यावरच्या माशाचं, कुठल्या महिन्यात पकडलेल्या, यातलं काहीही नाही. मी दिरांना हे म्हटलं. ते द्राक्षबागायतदारांच्या बैठकांना नियमित जातात, चारचौघांत त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्यांनी ड्रम फिरवून सगळ्या बाजूंनी वाचला, मग म्हणाले, "वहिनी, आपण त्यांच्याकडून घेतो म्हणजे गिऱ्हाईक आपण. विचारायला काय हरकत आहे? कंपनीचा माणूस येतो दर महिन्याला, त्याला विचारू." खाद्यवाले, खतवाले, औषधवाले, गोळ्यावाले यांना सगळ्यांना असं विचारणारं कुणी भेटलं, बंदीच्या काळातला आणि मापाखालचा माल आम्हाला नको असं चार मोठ्या गिऱ्हाइकांनी लिहून दिलं, तर पिल्लाची किंमत त्या वजनकाट्यावरच उतरेल, आणि माझ्या आत्येभावाला मागच्या बोटीकडे बघत बसावं लागणार नाही. नाशिकला समुद्र नाही, पण गिऱ्हाईक म्हणून नाशिक लहान नाही. मोठी तारली तेवढी बाजारात यावी, माणसांनी खावी, आजच्यापेक्षा जास्त खावी, तिला भावही चांगला मिळावा, असं मला वाटतं. पुढच्या महिन्यात तो माणूस येईल तेव्हा मी पिंपळगावला जाणार आहे. प्रश्न मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहून ठेवलेत. बाकीच्या बागायतदारांनाही द्यायला त्याच्या प्रती काढल्या आहेत.